शेजार भिंतीपलीकडचा, वाट सव्वा किलोमीटरची

“आमचं गाव आता किती वाढलंय, वन्सं, तुम्हाला ओळखूच येणार नाही!” असं आपण माहेरपणाला आलेल्या नणंदेला मोठ्या कौतुकानं सांगतो. जिथं ज्वारी डुलायची तिथं बंगले झाले, जिथं एकटं पिंपळाचं झाड होतं तिथं चौक झाला. कौतुक वाटणं साहजिकच आहे. पण मैत्रिणींनो, गाव वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं, हे आपण कधी मोजून पाहतो का? घरं वाढली, दुकानं वाढली, गाड्या वाढल्या. आणि वाटा? त्या वाढल्या की नुसत्याच लांबल्या?

हा प्रश्न इंजिनिअर मंडळींचा आहे असं वाटेल. पण मुलाला शाळेत सोडणं, भाजी आणणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, दळण टाकणं ही दिवसभराची चालती कामं कोणाच्या वाट्याला येतात? आपल्याच ना! मग रस्ता कुठून कुठं जातो, हा आपल्या घरकामाचाच भाग झाला.

जुन्या गावाची वीण

आमच्या बारामतीचं जुनं गाव कऱ्हेच्या काठाला. मोरोपंत (१७२९–१७९४) इथं राहिले, त्यांचा वाडा अजून दाखवतात. जुन्या वस्तीत फिरलं की एक गोष्ट लक्षात येते. बोळ अरुंद आहेत, दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर पंचाईत होते. पण एका बोळातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं जाता येतं. एखाद्या गल्लीत लग्नाचा मांडव पडला तर आपण शेजारच्या गल्लीनं जातो. देवळात जायला दोन-तीन वाटा असतात. जाताना एक मैत्रीण भेटते, येताना दुसऱ्या वाटेवर दुसरी.

ही काही कोणी मुद्दाम आखलेली व्यवस्था नव्हती. गाव पायी चालणाऱ्यांचं होतं, म्हणून वाटा पायांनी पाडलेल्या. जिथं माणसाला जावंसं वाटलं तिथं वाट झाली.

पुढं गाव बाहेर पडलं ते मोठ्या रस्त्यांच्या कडेकडेनं. भिगवण रस्ता, इंदापूर रस्ता, फलटण रस्ता, मोरगाव रस्ता. जनगणनेचे आकडे पाहिले की गंमत वाटते. २००१ साली बारामती नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ५१ हजार माणसं होती आणि २०११ साली सुमारे ५४ हजार. दहा वर्षांत जेमतेम तीन हजारांची वाढ! मग त्याच काळात उभी राहिलेली एवढी घरं कोणाची? ती हद्दीबाहेर वाढत होती, जळोची, तांदूळवाडी, रुईच्या बाजूला. नंतर हद्दवाढ झाली तेव्हा ही गावं नगरपालिकेत आली. म्हणजे घरं आधी आली आणि नगरपालिका मागून. घडी बसवायची ती पुढच्या काळात बसवावी लागली.

तोरण आणि जाळी

नव्या वस्तीतले रस्ते कसे होतात, ते समजायला घरातलीच उपमा घेऊ. आपण दाराला मण्यांचं तोरण लावतो. वर एक आडवा दोरा, त्याला खाली लोंबणाऱ्या सरी. आता एका सरीच्या टोकाच्या मण्यापासून शेजारच्या सरीच्या टोकाच्या मण्यापर्यंत जायचं, तर आधी वर आडव्या दोऱ्यापर्यंत चढायचं आणि मग दुसऱ्या सरीनं खाली उतरायचं. मणी एकमेकांना लागून आहेत, पण वाट लांबची! याउलट क्रोशाची जाळी घ्या. कुठल्याही गाठीपासून कुठंही दोन-चार टाक्यांत पोचता येतं. एक दोरा तुटला तरी जाळी उसवत नाही.

जुनी पेठ ही जाळी आहे. नवा उपनगरी भाग बहुतेक ठिकाणी तोरण आहे. मोठा रस्ता हा वरचा दोरा आणि आपापल्या सोसायट्या, कॉलन्या या लोंबणाऱ्या सरी.

असं का होतं? कोणाच्या दुष्टपणामुळं नव्हे. आपल्याकडं वाटणी झाली की प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं. म्हणून शेताचे रस्त्यापासून आत जाणारे लांबच लांब पट्टे पडतात. पुढं एक भाऊ आपला पट्टा विकतो. घेणारा मधून एक रस्ता काढतो, दोन्ही बाजूंना गुंठा-गुंठा, दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडतो. (गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; चाळीस गुंठ्यांचा एक एकर.) हा रस्ता शेजारच्या बांधापाशी जाऊन थांबतो, कारण पुढची जमीन दुसऱ्याची. पाच वर्षांनी शेजारचा पट्टा विकला जातो. तोही आपला रस्ता मोठ्या रस्त्यावरूनच काढतो. बांधाच्या जागी भिंत येते. झाली सर तयार!

कायदेशीर मंजुरी न घेता पाडलेल्या गुंठेवारीत तर हे फारच होतं. गुंठेवारी नियमित करण्यासाठी राज्यानं २००१ साली कायदा केला, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांनाही त्यात आणलं. घर त्यामुळं नियमित होऊ शकतं, ही मोठी सोयच झाली. पण मुळात जो रस्ता ठेवलाच नाही, तो कागदावरच्या शिक्क्यानं कसा उगवणार?

कालवा, महामार्ग आणि उसाच्या ट्रॉल्या

आपल्या भागात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे पाणी. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि या दुष्काळी मुलखाचं सोनं झालं. ऊस आला, कारखाने आले, बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके त्यावर उभे राहिले. हा कालवा शेतांसाठी खणलेला. तेव्हा त्याच्या काठाला शहर येईल हे कोणाच्या मनात असणार? आज मात्र कालवा, त्याचे फाटे, चाऱ्या वस्तीच्या मधून जातात. कालव्यापलीकडची मैत्रीण गच्चीवरून हात करते, पण तिच्याकडं जायचं तर पूल गाठायला हवा.

दुसरी गोष्ट मोठ्या रस्त्यांची. इंदापूर हे मालोजीराजांच्या गढीचं गाव, २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ हजार वस्तीचं. पुणे-सोलापूर महामार्गानं त्याला व्यापार दिला. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा पुण्याला जाणं सोपं झालं. पण दुभाजक आल्यावर रस्त्यापलीकडच्या शेतात, शाळेत किंवा भावकीत जाणं अवघड झालं. आता आधी भुयारी मार्ग कुठं आहे ते बघायचं, मग पलीकडं जायचं. लांबच्याला जवळचा झालेला रस्ता जवळच्याला लांबचा होतो, तो असा.

बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असं इंदापूरला जाताना तुकोबांच्या पालखीची वाट लागते. ही वाट मुळात पायी चालणाऱ्यांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी कडेनं वेगळी पायवाट ठेवायचं ठरलं. वर्षातून एकदा येणाऱ्या वारकऱ्याच्या पायांचा विचार झाला, फार चांगलं झालं. तोच विचार रोज शाळेत जाणाऱ्या पोरीच्या पायांचाही व्हायला हवा ना!

कारण हंगामात या रस्त्यांवर काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. कारखान्याची धुराडी पेटली की उसानं लादलेल्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रात्रंदिवस. मागचा दिवा असला तर असला. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. तोरणासारख्या वस्तीत राहणाऱ्या मुलीला शेजारच्या कॉलनीत जायचं असलं तरी याच रस्त्यावरून जावं लागतं, दुसरी वाटच नसते.

एका वहीतला नकाशा

मी दुपारच्या वर्गांना भूगोल शिकवते. नकाशाप्रमाण शिकवताना आठवीच्या मुलींना मी सांगितलं की घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता चौकटीच्या कागदावर काढा आणि पट्टीनं सरळ रेषेतलं अंतरही मोजा. जुन्या गावातल्या मुलींच्या दोन्ही आकड्यांत फार फरक आला नाही. नव्या भागातल्या मुलींच्या वाटा मात्र सरळ अंतराच्या दुप्पट-तिप्पट निघाल्या.

एका मुलीनं शाळेऐवजी संध्याकाळच्या शिकवणीची वाट काढली होती. शिकवणी आमच्या कॉलनीत, तिचं घर भिंतीपलीकडच्या कॉलनीत. सरळ अंतर दोनशे मीटर, वाट सव्वा किलोमीटर. नकाशाखाली तिनं लिहिलं होतं, “आता जात नाही.” विचारलं तर म्हणाली, “बाई, दिवाळीनंतर लवकर अंधार पडतो. ट्रॉल्या सुरू झाल्या. बाबा म्हणाले, नको जाऊस.”

वडिलांचं काय चुकलं? आपणही तेच म्हटलं असतं. पण एका भिंतीपायी गणितात हुशार मुलीची शिकवणी सुटली, हे काही माझ्या मनातून जाईना.

हिशेब करून पाहा. रोज जाऊन-येऊन दोन खेपा आणि प्रत्येक खेपेला साधारण एक किलोमीटर जास्त. लहान मूल असेल तर सोडायला आणि आणायला आईच्या चार खेपा, म्हणजे दिवसाला चार किलोमीटर. वर्षात शाळेचे दोनशे दिवस धरले तरी आठशे किलोमीटर झाले. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे चार वेळा पुण्याला जाऊन परत येण्याएवढं अंतर आपण निव्वळ भिंतीला वळसा घालण्यात घालवतो! चालत गेलं तर वेळ जातो आणि गाडीनं गेलं तर पेट्रोल. जिला गाडी येत नाही ती “हे आले की जाऊ” म्हणून वाट बघत बसते. आणि म्हाताऱ्या माणसांचं काय? गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना दोनशे मीटरवरचं देऊळ जमतं, सव्वा किलोमीटरवरचं सुटतं. हळूहळू त्या घराबाहेरच पडेनाशा होतात आणि आपण म्हणतो, वय झालं.

भिंतीची दुसरी बाजू

ही भिंत थोडी फोडावी असं मी कॉलनीच्या बैठकीत सुचवलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या असं मुळीच झालं नाही. आणि विरोध करणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. त्यांचं म्हणणं असं: “बंद रस्ता आहे म्हणून मुलं बिनघोर खेळतात. वाट उघडली की पोरं मोटारसायकली दामटणार. सोनसाखळी ओढून पळायला चोरालाही बरंच!” ही भीती खोटी नाही. बंद गल्लीत शांतता असते, हे मान्यच करायला हवं. त्यासाठीच तर लोक तिथं जास्त पैसे देऊन प्लॉट घेतात.

पण नीट पाहिलं तर आपल्याला नको असतात त्या गाड्या, माणसं नव्हेत. मग गाडी अडवावी आणि माणूस सोडावा. आमच्याकडं शेवटी तेच ठरलं. भिंतीत माणूस आणि हातात धरलेली सायकल जाईल एवढीच फट ठेवली, पुढं एकाआड एक तीन लोखंडी खांब रोवले आणि वर दिवा लावला. दिव्याचं बिल दोन्ही कॉलन्या वाटून भरतात. एक काकू अजूनही माझ्याशी या विषयावर मोकळेपणानं बोलत नाहीत, पण त्यांची देवळाची वाट आता तिथूनच आहे. ती मुलगी शिकवणीला येते. आता वेळ होते ती फक्त गप्पांमुळं!

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ साली हीच गोष्ट एका पुस्तकात मांडली होती. तीन मुलांची आई, नगररचनेची कोणतीही पदवी नाही. पण आपल्या घराखालचा रस्ता त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिला. त्यांचं म्हणणं असं की रस्त्याचे टप्पे छोटे असावेत, पुन्हा पुन्हा वळायला वाटा असाव्यात, म्हणजे माणसं फिरती राहतात. आणि जिथं माणसांची जा-ये असते, दारा-खिडक्यांतून कोणाची तरी नजर असते, तो रस्ता सुरक्षित राहतो. आपल्या आजीला हे पुस्तक न वाचताही कळत होतं. ओसरीवर बसल्या बसल्या सगळ्या आळीवर तिचं लक्ष असायचं!

रस्ता घरापेक्षा चिवट

आता कोणी म्हणेल, होईल हळूहळू सगळं नीट. इथंच आपण फसतो. घर पाडून नवं बांधता येतं, रस्ता सहसा जागचा हलत नाही. लंडन शहर १६६६ च्या आगीत जळून गेलं. नव्यानं सरळ, रुंद रस्ते आखण्याचे नकाशेही पुढं आले. पण ज्याची त्याची जागा ठरलेली, त्यामुळं शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांच्या ओळीवर पुन्हा उभं राहिलं.

बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०१५ साली अमेरिकेतल्या रस्त्यांचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. त्यांची मोजणी आपल्यालाही करता येईल इतकी सोपी आहे. प्रत्येक जोडावर किती रस्ते मिळतात ते पाहायचं. चार मिळाले तर चौक, तीन मिळाले तर तिठा आणि एकच असेल तर बंद टोक. बंद टोकं जितकी जास्त तितकी वस्ती तुटक. तिकडं नव्या वस्त्यांचा तुटकपणा वाढत वाढत १९९४ च्या सुमारास टोकाला गेला आणि मग उतरू लागला. म्हणजे शहाणपण येऊ शकतं! पण २०२० साली त्यांनी सगळ्या जगाचा हिशेब केला, तेव्हा १९७५ नंतरच्या नव्या रस्त्यांत तुटकपणा सर्वसाधारणपणे वाढतोच आहे असं दिसलं. ज्या चुकीतून एक देश बाहेर पडू पाहतोय, तिच्यात बाकीच्यांनी कशाला शिरायचं?

आधी रस्ते आणि मग घरं, हे आपल्याकडं जमतच नाही असंही नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. इंदापूर तालुक्यातली किती तरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर डोकावतं. लोकांनी सोसलं ते शब्दांत सांगता येणार नाही. पण पुनर्वसनाची नवी गावठाणं बसवताना आधी रस्ते आखले जातात, मग घरांच्या जागा वाटतात. संकटात जो क्रम पाळला जातो, तो सुखात का पाळू नये?

कायद्यात त्याची सोयही आहे. ‘नगररचना योजना’ हा प्रकार मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून आहे. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले हे भाग अशा योजनांतून आकाराला आले. यात शेजारशेजारच्या सगळ्या जमिनी एकत्र धरतात, रस्ते आणि मोकळ्या जागा काढतात आणि उरलेली जमीन मालकांना सरळ आकाराच्या प्लॉटमध्ये परत देतात. जमीन थोडी कमी होते, पण रस्ता मिळाल्यानं किंमत वाढते. आजही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात ही तरतूद आहे.

आपण काय करावं?

प्लॉट किंवा फ्लॅट घेताना आपण स्वयंपाकघराची दिशा बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो. त्याबरोबर एवढंही करावं:

१. मंजूर रेखांकन मागून घ्यावं आणि आतला रस्ता कुठं संपतो ते बोटानं दाखवायला सांगावं. तो शेजारच्या जमिनीत पुढं जाणार आहे की भिंतीपाशी थांबणार?

२. नगरपालिकेत विकास आराखड्याचा नकाशा पाहावा. आपल्या घराजवळून आखलेला रस्ता प्रत्यक्षात झाला आहे का, हे जागेवर जाऊन बघावं. नकाशातली रेघ आणि डांबर यांत पुष्कळ अंतर असतं.

३. गाव नकाशात जुने पाणंद रस्ते दाखवलेले असतात. शेतांचे प्लॉट होताना हेच आयते जोडरस्ते होऊ शकतात. ते कोणी गिळले नाहीत ना, याची चौकशी करावी. शेताला बांधावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो.

४. शाळा, दवाखाना, किराणा आणि बस थांबा या चार ठिकाणी घरातून स्वतः एकदा चालत जाऊन यावं, तेही संध्याकाळी. विकणारा सांगतो ती पाच मिनिटं गाडीची असतात!

५. कॉलनीत फाटक किंवा भिंत घालायचा विषय निघाला तर पायवाटेपुरती फट, खांब आणि दिवा एवढं तरी राखून ठेवावं. रेखांकनातल्या रस्त्यावर भिंत घालण्याआधी नगरपालिकेला विचारावं.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. विकास आराखड्याचा मसुदा तयार झाला की तो लोकांना पाहायला ठेवावाच लागतो आणि ठरावीक मुदतीत कोणालाही हरकती-सूचना देता येतात. अर्ज साध्या कागदावर, साध्या मराठीत चालतो. पण तिथं येतात ते बहुतेक जमिनीचे मालक, आपली जागा रस्त्यात जातेय का ते बघायला. त्या रस्त्यावरून रोज चालणारी बाई तिथं दिसत नाही. २०११ पासून नगरपालिकेतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला गटारीबद्दल आपण अडवून विचारतोच, जोडरस्त्याबद्दलही विचारावं.

पुढच्या वेळी नगरपालिकेबाहेर आराखड्याची नोटीस लागलेली दिसली, तर भाजीच्या पिशवीसकट आत जा, बरं का! नकाशात आधी आपलं घर शोधा, मग मुलांची शाळा. दोन्हींच्या मध्ये किती बंद टोकं येतात ती मोजा आणि तेवढंच कागदावर लिहून देऊन या.